गवतात आधी तो शिरायचा

आमचं मैदान या परदेशी बेटाच्या उत्तरेला, क्रांजीच्या पुढे, शेतांच्या पट्ट्यात, बंद पडलेल्या एका नर्सरीच्या मागे आहे. मैदान डिस्क गोल्फचं. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथूनच पुन्हा फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत कमीत कमी फेकींमध्ये पोचवायची. खेळ एवढाच. मैदानाची अवस्था मात्र विचारू नये. मी फोनमध्ये त्रुटींची यादी केली होती : एक टोपली कललेली, दुसरीच्या निम्म्या साखळ्या गायब, फेकायच्या चौथऱ्यांवर शेवाळ, बाण दाखवणारी पाटी उलट्या दिशेला, टाकून दिलेल्या टायरांत पाणी आणि पाण्यात डासांच्या अळ्या. अधूनमधून ती मी मालकाला पाठवायचे. त्याचं उत्तर ठरलेलं. वर केलेला अंगठा.

गवत तर कुणी कापतच नसे. इथे त्याला लालांग म्हणतात. कमरेएवढं वाढतं आणि पातं हाताला कापतं. चकती त्यात गेली की बाहेरून दिसत नाही, आणि माझी हमखास तिकडेच जायची.

गवतात आधी नवरा शिरायचा. तो जहाजावर इंजिनिअर आहे. काही महिने समुद्रावर, काही महिने सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये. घरी असला की रविवारी सकाळी आम्ही दोघं खेळायला जायचो. "तू थांब गं, सापकिरडू असतं, मी बघतो," म्हणत तो बुटांनी गवत बडवत आत जायचा. जरा वेळानं आतून ओरडायचा, "मॅडम, नशीब काढलंत! अगदी मोकळ्यावर पडलीय!" मी मागून जायचे. चकती खरंच मोकळ्यावर असायची, टोपली समोर स्वच्छ दिसेल अशी.

शाळेत खेळाच्या तासाला मी गुण लिहायचे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. पुढे नोकरीतही तेच, दुसऱ्यांच्या कामांची वेळापत्रकं. लोक माझं कौतुक करतात ते व्यवस्थितपणाचं. पण या उजाड मैदानावर मी चक्क नवऱ्याला हरवत होते. अर्धी फेकाफेक गवतात जाऊनही. मला वाटायचं, माझा नेम वाकडा असेल, पण अंदाज चांगला आहे. हातात काहीतरी आहे आपल्या.

म्हणून तिथल्या नेहमीच्या खेळाडूंनी छोटी स्पर्धा ठरवली तेव्हा मी महिलांच्या गटात नाव देऊन टाकलं. ऑफिसात सांगितलं. पुण्याला आईला सांगितलं. नवरा तेव्हा जहाजावर जायची बॅग भरत होता.

"कशाला ती दगदग?" तो म्हणाला. "आपण दोघं खेळतो ते काय वाईट आहे?"

"हरतोस म्हणून जळतोस," मी म्हटलं.

तो हसला आणि मोजे गुंडाळत राहिला.

तो गेल्यावर सरावाला मी एका आँटीबरोबर जाऊ लागले. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपास, डोक्यावर मोठी टोपी. त्या मैदानावर सगळ्यांत जुन्या. पहिल्याच सकाळी माझी चकती लालांगमध्ये गेली आणि मी सवयीनं बाहेर उभी राहिले.

"काय बघतेस?" आँटी इथल्या, वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावायच्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझी डिस्क, तूच शोध लाह."

मी आत गेले. चकती एका आडव्या पडलेल्या झाडाच्या मुळांत रुतली होती. तिथून टोपलीच काय, आकाशही धड दिसत नव्हतं. एक फेक झाडाला लागली, दुसरी परत माझ्याकडेच आली. पुढच्या ठिकाणी तेच. त्याच्या पुढेही तेच.

"आज नवऱ्याचा पाय नाही ना," आँटी हसून म्हणाल्या.

"कसला पाय?"

त्यांनी बुटाचं टोक हवेत हलकेच सरकवलं. एकदा, पुन्हा एकदा. "तो गवतात जातो, डिस्क ढकलत ढकलत बाहेर आणतो, मग ओरडतो. फार गोड माणूस. आम्ही सगळे बघतो ना." मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे."

घरी येऊन मुलीला विचारलं. ती कधीमधी आमच्याबरोबर यायची. लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आयया, ममी, एव्हरीबडी नोज लाह."

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी सरळ विचारलं.

"अगं, कधीतरी पाय लागायचा."

"पायाला डोळे होते? दर वेळी टोपलीकडेच लागायचा?"

तो म्हणाला, "आठवडाभर दमून यायचीस. तुझा पडलेला चेहरा बघवायचा नाही मला. तू किती खूश असायचीस, आठव."

"तेच तर आठवतंय."

"मी तुला जिंकवलंच ना? तुझं काही हिरावून घेतलं का?"

मी फोन ठेवला. त्याला ते खरंच कळत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. तो मला हरवत राहिला असता तरी चाललं असतं. त्यानं मला सगळ्यांसमोर नाचवलं, आणि तेही मायेनं. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी मागचं एकेक काढून तपासत बसले. बढतीच्या मुलाखतीआधी "तू उत्तम बोलतेस" म्हणाला होता. माझं गाणं आवडतं म्हणायचा. केस कापले तेव्हा "तरुण दिसतेस" म्हणाला. यातलं काय खरं होतं आणि काय त्यानं पायानं सरकवलं होतं?

स्पर्धेतून नाव काढून घ्यावंसं फार वाटलं. काढलं नाही. शेवटून दुसरी आले. माझ्या मागे एकच बाई होती आणि तिचा घोटा मुरगळला होता. ऑफिसात विचारलं तेव्हा आकडा सांगितला. पुण्यालाही सांगितला.

नवरा परत आला. पहिल्या रविवारी त्यानंच चकत्यांची पिशवी खांद्याला लावली. बसमध्ये आम्ही फारसं बोललो नाही. चौथऱ्यावरून मी फेकली आणि चकती सवयीप्रमाणे लालांगमध्ये गेली. तो एक पाऊल पुढे गेला.

"थांब," मी म्हटलं.

"अगं, साप—"

"असू दे."

मी काठीनं गवत बडवत आत गेले. पाती हाताला कापत होती. एक घोरपड सळसळत बाजूला झाली. बऱ्याच वेळानं चकती सापडली. दोन खोडांच्या बेचक्यात, चिखलात, टोपलीकडे पाठ करून.

"कशी आहे?" बाहेरून त्याचा आवाज आला. त्या आवाजात काळजी होती. ती खरी असेलही. मला आता सांगता येत नाही.

"आहे तिथेच आहे," मी म्हटलं.

चिखलात गुडघा टेकून मी फेकली. चकती खोडाला आपटली आणि दोन हातांवर पडली. गवतातून तो मला दिसत होता. "छान" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी पुढे सरकले आणि पुन्हा फेकली.