उन्हाचा बर्फ

बर्फाच्या कारखान्यात पाऊल टाकलं की जनरेटरमामा आधी जनरेटरच्या पाठीवर तळहात ठेवत आणि विचारत, "काय, आज धड वागणार ना?" एकवीस वर्षं हा नेम चुकला नाही. उत्तर धुरात मिळे.

मासेवाल्यांना बर्फ पहाटे लागे, म्हणून कारखाना रात्री चाले. वीज गेली की जनरेटर, आणि जनरेटर म्हणजे मामा. घरी मामी एकटी जेवून घेई, त्यांचं ताट झाकून ठेवी.

मग गरीब देशांत स्वच्छ विजेसाठी पैसा गुंतवणाऱ्या एका संस्थेची बाई आली. छपरावर सौर पॅनेल बसवायची होती. दोन दिवस तिने मोजमापं घेतली आणि तिसऱ्या दिवशी तिचं तोंड उतरलं.

"रात्री चालवायचं तर बॅटऱ्या हव्यात. त्यांचा खर्च पॅनेलांएवढाच. आमचे लोक तयार होणार नाहीत."

मालकाने कपाळाला हात लावला. डिझेल परवडत नव्हतं. फार तर वर्षभरात कारखान्याला टाळं लागणार, हे सगळे जाणून होते.

मामा दाराशी हात पुसत उभे होते. उपाय त्यांना दिसला होता. तो सांगितला की आपलं काम गेलं, हेही दिसलं होतं. हात केव्हाच स्वच्छ झाले, तरी ते पुसतच राहिले.

"बाईसाहेब, बॅटरी कशाला? दिवसाच गोठवा की."

"आणि पहाटेपर्यंत?"

"बर्फाच्या कोठीत ठेवा. भिंती हातभर जाड आहेत. दोन-चार लाद्यांना घाम फुटेल, एवढंच."

"मामा," मालक म्हणाले, "हे इतकी वर्षं पोटात ठेवलंत?"

"दिवसा वीज असायची कुठे, मालक? आणि ऊन तेव्हा कामाला नव्हतं."

बाई वहीत भराभर आकडे मांडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मग तुमच्या जनरेटरचं काय?"

"भंगारवाला नेईल. मलाही नेतो म्हणाला तर तराजू मोठा आणायला सांगा," पोटावर हात फिरवत मामा म्हणाले.

घरी मामी कडाडली, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलात! आता बसा माश्या मारत."

मामांनी हसून ताट पुढे ओढलं. खरं तर त्या आठवड्यात त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पैसा मंजूर झाला, पॅनेल बसली. मालकाने कोठीच्या किल्ल्या मामांच्या हातात ठेवल्या. रात्रपाळीचा भत्ता गेला, पण दिवेलागणीला मामा घरी येऊ लागले. सहा वर्षं दोघं समोरासमोर बसून जेवली. मामी म्हणे, या माणसाला एवढं बोलता येतं हे मला लग्नानंतर तेवीस वर्षांनी कळलं.

एका सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच शांतपणे गेले. आदल्या संध्याकाळी पहिला घास घेऊन ते म्हणाले होते, "मीठ कमी पडलंय. तू उठू नकोस, मीच आणतो."