बॅटरीच्या तोंडाशी निरांजन

जीपच्या हेडलाइटचा तिसरा बल्ब उडाला तेव्हा मी दुकानदाराला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मला राग आधी येतो आणि अक्कल मागून. महिन्याभरात तीन बल्ब, म्हणजे माल भिकार, असा निकाल मी देऊनही टाकला होता.

जीप जुनी आहे, पण चारही चाकांना जोर देणारी. विद्यापीठाच्या कामासाठी मी चंदौलीपलीकडच्या डोंगरांत मातीचे नमुने गोळा करत हिंडते, आणि तिथल्या वाटांवर दुसरी गाडी टिकत नाही. घर मात्र गंगेकाठी, दुर्गाघाटावर. आमच्या गल्लीत समोरून सांड आला तरी माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे जीप कुठली शिरणार. म्हणून ती गल्ल्यांबाहेर, मैदागिनच्या बाजूला, भाड्याच्या एका अंधाऱ्या शेडमध्ये असते. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी जन्मभर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं केली. आता पंचाहत्तरी उलटली, तरी पहाटेचं गंगास्नान आणि दिवेलागणीला बाहेर एक फेरी चुकत नाही. ही फेरी देवळाची, अशी माझी समजूत होती.

त्या सोमवारी संध्याकाळी परतताना जीपमध्ये सडक्या अंड्याचा वास यायला लागला. अंडं आमच्या घरात कधी आलं नाही, पण तापलेल्या बॅटरीचा हा वास मी प्रयोगशाळेत ओळखायला शिकले आहे. शेडमध्ये पोचल्यावर इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं आणि बॅटरीला मीटर लावला. आकडा चौदा व्होल्टच्या आसपास हवा. मी अॅक्सिलरेटरची तार हातानं जराशी ओढली, तर तो सोळाच्याही पुढे गेला. बॅटरीवर हात ठेवला आणि झटकन उचलला, इतकी ती तापली होती.

म्हणजे बल्ब निर्दोष होते. बॅटरीलाच बेसुमार चार्जिंग मिळत होतं. पण अशी बॅटरी स्वतःचं पाणी आटवत जाते, आणि मी तर दर सोमवारी सकाळी पाणी बघत होते. ते नेहमी काठोकाठ असायचं. म्हणून तर मला बॅटरीचा संशय कधी आला नव्हता. इंजिन बंद करून मी टॉर्चच्या उजेडात झाकणं काढली. सहाही घरांत पाणी खाली गेलेलं, आतल्या शिशाच्या पत्र्यांची टोकं उघडी पडलेली.

मी खरंच चक्रावले. सकाळी भरलेलं, संध्याकाळी रिकामं, मग मधे भरतं कोण? शेडचा मालक असेल म्हणून त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "हम क्यों छुएँगे दीदी, आपकी गाड़ी है।" मीटर शेडमध्येच राहिला होता, म्हणून परत फिरले.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत बाबा उभे होते. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पेटलेलं निरांजन. बॅटरीची झाकणं ओळीनं बाजूला काढून ठेवलेली, आणि बाबा वाकून, ज्योत त्या भोकांच्या जवळ नेऊन, पाणी कुठवर आलंय ते बघत होते.

अशा बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. तो पेटला तर बॅटरी फुटते आणि आतलं अॅसिड समोरच्याच्या तोंडावर उडतं. हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते. आणि इथे माझे वडील त्यावर दिवा धरून उभे होते. ओरडले तर दचकतील, हात हलेल. म्हणून मी हळू आवाजात म्हटलं, "बाबा, दिवा मागे घ्या. तसेच मागे या."

ते आले. मी ज्योत चिमटीत धरून विझवली. बोट भाजलं ते घरी गेल्यावर कळलं. मग मात्र मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. सगळं वाईटच बोलले असेन.

बाबा शांतपणे म्हणाले, "तू रोज त्या जंगलात एकटी जातेस. गाडी परत आली की तिची आरती करतो. मागे तुला ताप होता तेव्हा पाणी घालायला तूच शिकवलंस. रोज बघतो तर पाणी उतरलेलं. प्यास लागते तिला, म्हणून भरतो."

"कुठलं पाणी?"

"गंगेचं. दुकानातल्या बाटलीत कोणी काय भरलंय, काय पता."

घरात विकतच्या पाण्याचा थेंब ज्यांनी येऊ दिला नाही, त्यांना मी काय सांगणार होते? बॅटरीला गंगाजल चालत नाही, क्षार काढलेलं पाणीच लागतं, हे वाक्य गिळून मी झाकणं बसवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शेडमध्ये आला. त्याने चार्जिंगला लगाम घालणारी डबी, म्हणजे रेग्युलेटर, तपासली. ती डबी ज्या स्क्रूने गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तो गंजून गेला होता. अर्थिंग सुटलं होतं, म्हणून डबीला कधी थांबायचं ते कळत नव्हतं. "यहाँ रोज पानी गिरता है क्या?" त्याने विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. आरतीनंतर चारही बाजूंना पाणी शिंपडायचं, बॉनेटच्या आतसुद्धा. बाबा म्हणाले, "प्रोक्षण तर करावंच लागतं." मिस्त्रीने जागा घासली, नवा स्क्रू घातला, बॅटरीही बदलली. मीटर चौदावर येऊन थांबला. मला सुटल्यासारखं वाटलं.

ते घरी आल्यावर संपलं. बाबांच्या पांढऱ्या उपरण्याला गेले काही दिवस बारीक बारीक भोकं पडत होती. मी धोब्याशी त्यावरून दोनदा भांडले होते. आता कळलं की ती अॅसिडच्या शिंतोड्यांनी पडत होती. थंडीत बाबा ते उपरणं डोक्याला आणि कानांना गुंडाळून बाहेर पडतात. मी त्यांना म्हटलं, "जरा गुंडाळून दाखवा."

त्यांनी ते नेहमीसारखं गुंडाळलं. मी जवळ जाऊन बघितलं. गालावर तीन भोकं होती, कानाजवळ एक. आणि कपाळावरच्या घडीच्या काठाला एक होतं, डाव्या डोळ्याच्या बोटभर वर.

"काय बघतेस?" बाबांनी विचारलं.

मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं.