दौंडहून आलेली ओ

गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची बघून हसणाऱ्यांतली मी. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही... तरी हे लिहितेय.

२००० च्या आसपासची गोष्ट. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होते. गाव निमोणे. आप्पांच्या — माझ्या वडिलांच्या — तरुणपणापर्यंत घरात मेंढरं होती. कॉम्प्युटर शिकलेली मी घरातली पहिलीच! कारखान्याचं गोदाम दौंडला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडायचं काम मी हट्टानं मागून घेतलं होतं. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, "झेपणार नाही मॅडम." साहेबांनी तर निक्षून सांगितलं — आज दुपारी माझ्यासमोर लाइन चालली तर काम तुमचं, नाहीतर पुण्याच्या पार्टीला, तुम्ही परत टायपिंगला.

चाचणी साधी असते. दौंडच्या कॉम्प्युटरवर एक पोर्ट, म्हणजे नंबर घातलेलं दार, उघडं ठेवायचं. शिरूरहून कमांड लाइनवर तो नंबर देऊन मजकूर टाइप करायचा. तिकडचा माणूस वाचून उत्तर टाइप करतो, ते आपल्या स्क्रीनवर उमटतं. सगळे 'हॅलो' लिहितात. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं — "वाट हाय का?"

ही आमच्या घरची हाळी. चाऱ्यासाठी कळप दौंडच्या बाजूला भीमेकडं निघाला की माझे आजोबा, आबा, वाट आणि पाणी बघायला पुढं जायचे. मागून आप्पा हाळी द्यायचे, आणि आबांची ओ आल्याशिवाय एक मेंढरू हलवायचे नाहीत. आबा माझ्या जन्माआधीच गेले. शेतातून घरी येताना आप्पा गमतीनं मला हीच हाळी घालायचे, म्हणून ती तेवढी ठाऊक.

एंटर दाबलं. साहेब मागे उभे. काहीच नाही... मी नंबर पुन्हा तपासला. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली —

"हाय. पानी बी हाय. कोकरं पुढं घाल."

"ही काय भाषा!" साहेब हसले. "पण चालतंय की. शाब्बास! दौंडला कोण बसलंय?"

मी खुशीत तिथल्या ऑपरेटरला फोन लावला. "अहो, कोकरं काय मधेच?"

"कसली कोकरं मॅडम? सकाळपास्नं लाइट न्हाई हितं. मशीन बंदच हाय. तुमालाच फोन लावत व्हतो."

गोदामात इन्व्हर्टरसुद्धा नव्हता. लाइट आल्यावर पुन्हा चाचणी घेतली, लाइन पहिल्या झटक्यात चालली. काम माझ्याकडंच राहिलं.

घरी आप्पांना एवढंच सांगितलं, "आज दौंडला आपली हाळी दिली, आन् ओ आली."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "पानी बी हाय, म्हनलं का?"

मी मान हलवली.

"आन् कोकरं पुढं घाल?"

"व्हय... तुम्हाला कसं ठावं?"

"आबाचीच ओ ती. वाटंत धोका नसला, तरच कोकरं पुढं घाल म्हनायचा. ह्ये मी तुला कवा सांगितलंच न्हाई." आप्पांचे डोळे भरून आले होते, पण ते मिशीत हसत होते. "कोकरू म्हंजी तूच की गं."

त्यानंतर मी कितीतरी लाइन टाकल्या, आणि त्याचा मला अभिमान आहे. प्रत्येक लाइनवर पहिला मजकूर तोच पाठवते. तशी ओ पुन्हा आली नाही. बंद मशीनमधून ती कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. पण साहेबांनी आता विचारलं ना, दौंडला कोण बसलंय... तर ताठ मानेनं सांगेन — आमचे आबा. पाणी बघायला पुढं गेलेत.