आक्कांचा गुरुवार

आक्का रेडिओशी भांडायच्या. पदर खोचलेला, हातात पळी आणि तोंड खिडकीतल्या रेडिओकडे. दिल्लीत कुठे कशाचं उद्घाटन झालं हे निवेदक सांगू लागला की म्हणायच्या, "त्ये ऱ्हाऊ दे. आमच्या नळाला पानी कधी येनार, त्ये सांग."

भोसरीत त्यांची खानावळ होती. घर मूळचं गावातलं. शेताच्या जागी कारखाने उभे राहिले, तेव्हा आक्कांनी कारखान्यातल्या पोरांना जेवायला घालायला सुरुवात केली. मी लातूरकडचा, शेजारीच खोली घेऊन राहायचो आणि शहरातल्या सरकारी रेडिओवर हंगामी निवेदक होतो. त्यामुळे रेडिओच्या सगळ्या पापांचा जाब ताटावर बसल्यावर मलाच द्यावा लागे. "काय रं रेडिओवाल्या, आज काय बोल्लास? त्यातलं ह्या पोरांच्या कामाचं काय व्हतं?" उत्तर पटल्याशिवाय दुसरी भाकरी नाही, असा दम असायचा. भाकरी मात्र मिळायचीच.

गुरुवारी सकाळी आमचा कामगारांचा कार्यक्रम लागायचा. भरती कुठे आहे, मशीनमध्ये बोट गेलं तर आधी कुठे धावायचं, असलं सगळं. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे अख्खी खानावळ घास हातात धरून ऐकायची. मग वरून हुकूम आला, की कामगार रविवारी घरी असतात, म्हणून कार्यक्रम रविवारी करा. रविवारी आमची पोरं मशीनवर उभी! श्रोत्यांचे फोन आटले. फोन येत नाहीत म्हणून कार्यक्रमच बंद करायचं ठरलं. डोकं फिरावं असाच प्रकार होता.

आक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी चार पोरांना घेऊन, बस बदलत त्या थेट आमच्या रेडिओ केंद्राच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सायेब, आमचा रविवार गुरवारी असतो. एकदा जेवाया या, म्हंजी दिसंल." साहेब माणूस भला. त्यांनी चहा पाजला, 'वर कळवतो' म्हणाले. वर काय कळलं कुणास ठाऊक. कार्यक्रम बंद झाला.

आता त्या रेडिओ फोडणार, असं मला वाटलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी तो शांतपणे बंद केला आणि माझ्यापुढचं ताट उचललं.

"ऊठ. हितं हुभा ऱ्हा आन सांग."

"काय सांगू, आक्का?"

"त्येच. त्येंनी बंद केलं म्हून पोरांची बोटं कापायची थांबली व्हय?"

तेव्हापासून दर गुरुवारी मी खानावळीत बोलू लागलो. मला ठाऊक नसे ते पोरं सांगत. शेजारच्या खोल्यांतली माणसंही दारात येऊन उभी राहत. सुरुवात मात्र आक्कांचीच असे, "आमटी गरम हाय, कान हिकडं!"

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या. तेराव्यानंतरचा पहिला गुरुवार आला. त्यांच्या सुनेने ताटं वाढली, पण कुणी घास घेईना. सगळे माझ्याकडे बघत होते. रेडिओवर बोलणं अडलं की गाणं लावता येतं. इथे ती सोय नव्हती. मी उठलो, पळी हातात घेतली.

"आमटी गरम हाय," मी म्हणालो, "कान हिकडं."

आणि चाकणच्या भरतीपासून सुरुवात केली.