पाद्रीबुवांचं शेवटचं वाक्य

माझ्या मैत्रिणी इथे डब्लिनमध्ये, ग्रँड कॅनाल डॉकला, मोठमोठ्या टेक कंपन्यांत आहेत. एकेका मजल्यावर शेकड्याने माणसं, आणि सांगायला एक धड किस्सा नाही! "आज बग सापडला," म्हणतात, की संपलं. आमच्याकडे तीन जिवंत आणि एक मेलेला, एवढाच स्टाफ. तरी दीड वर्षात इतके किस्से साठलेत की भांड्यात मावेनात. मेलेली माणसं फार मटेरियल देतात हो. उलटून बोलत नाहीत ना!

जिवंतांत पहिली नूला, आमची बॉस. साठीची, कडक, दिवसाला दहा कप चहा. दुसरा कॉनर, जुन्या कागदांचे फोटो काढणारा, अखंड बडबड्या. तिसरी मी. नागपूरहून डब्लिनला आर्काइव्हजचं, म्हणजे जुने कागद जपण्याचं, एम.ए. करायला आले आणि इथेच चिकटले. मेलेला म्हणजे रेव्हरंड. एकोणिसाव्या शतकातला मेथडिस्ट पंथाचा पाद्री, गोऱ्या पलटणीबरोबर हिंडायचा. सोल्जरांना प्रार्थना सांगायची, आजाऱ्यांपाशी बसायचं, मेले की पुरायचं आणि घरी पत्र लिहायचं, ही त्याची नोकरी. त्याचे कागद वाचून, टाइप करून त्यांचा कॅटलॉग करायचा, ही आमची.

आणि एक श्रोता होता, माझे बाबा. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, नागपूरला आईबरोबर. रोज दुपारी माझा फोन गेला की तिकडे संध्याकाळ झालेली असायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणते मग तुझा पाद्रीबुवा?" बाबांना जुना दमा. कोरोना आल्यापासून मला एकच भीती होती, की यांना काही झालं तर मी पोचणार नाही. म्हणून रोज एक किस्सा सांगून त्यांना हसवायचं. ते हसताना खोकला येतोय का, ते मी ऐकत असायचे.

*

कागद आले मलिंगारजवळच्या एका घराच्या माळ्यावरून. रेव्हरंडाच्या पणतीने दिले. लॉकडाउन उठून थोडी हालचाल सुरू झाली होती, २०२० चा उन्हाळा. बाईंनी खोकी अंगणात ठेवली, स्वतः खिडकीआड उभ्या राहिल्या आणि काचेतूनच ओरडल्या, "सांभाळून न्या, त्यात सगळे कॉलऱ्याने मेलेत!"

ऑफिसात नियम होता, बाहेरून आलेला कागद तीन दिवस बंद ठेवायचा. नूलाने खोकी प्रेसमध्ये कोंबली (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) आणि दारावर चिठ्ठी लावली, "आयसोलेशन वॉर्ड. भेटायला येऊ नये."

कॉनर म्हणाला, "कॉलरा झाला, देवी झाल्या, प्लेग झाला. आता युअर मॅनला सर्दी होऊ नये म्हणून जपतोय आपण!" इथे कुणाबद्दलही बोलायचं तर 'युअर मॅन' म्हणतात. आमच्या ऑफिसात युअर मॅन एकच.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. त्याले तरी बेड भेटला."

*

मग पुन्हा सगळं बंद. कॉनर एकटा ऑफिसात जाऊन फोटो काढणार आणि आम्ही दोघी घरी बसून ते वाचणार, असं ठरलं. त्याने घरी लिहिलेलं पहिलं पत्र उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. माणसाने पान भरून लिहिलं, मग पान आडवं केलं आणि त्याच लिखाणावर पुन्हा लिहिलं! चाळणीतून वाचल्यासारखं वाटत होतं. मी रेव्हरंडाला मराठीत अशा शिव्या घातल्या की शेजारच्या खोलीतल्या ब्राझीलच्या मुलीने दार वाजवून विचारलं, "आर यू ओके?"

बाबांना स्क्रीनवर दाखवलं. पोस्टात हयात गेलेला माणूस, चष्मा वर करून बघितलं आणि एका मिनिटात निकाल दिला. "वजन वाचवून राहिला तो. जादा कागद, जादा टपाल. हुशार आहे बाप्पा!"

आणि वरच्या कोपऱ्यात ठिकाण लिहिलं होतं, कामठी. बाबा उडालेच. कामठी म्हणजे नागपूरच्या पलीकडची छावणी, बाबांची पहिली पोस्टिंग तिथली! "अवं, इकडे ये! पोट्टी आयर्लंडले गेली अन् कामठीचे कागद वाचून राहिली!"

"काय म्हणता?" करत आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

*

आता इथे सांगायला हवं, बाबांनी आईला आयुष्यात नावाने हाक मारलेली नाही. 'अवं' म्हणायचे, की घरात असेल तिथून "काय म्हणता?" यायचं. आईचं नाव सुमन आहे, हे मला शाळेच्या फॉर्ममुळे कळलं.

एकदा टीमच्या व्हिडिओ कॉलवर असताना घरून फोन आला. नूला म्हणाली, घे, आम्हालाही कामठीचे पोस्टमास्तर बघू दे. मी फोन कॅमेऱ्यासमोर धरला. बाबांनी दोघांना नमस्कार केला, आत बघून "अवं!" केलं, आई आली. कॉनर पोरगा अगदी संस्कारी. मान लववून म्हणाला, "गुड इव्हनिंग, अवं! हाऊ आर यू, अवं?"

आई लाजून लाल. पदर तोंडाला लावून आत पळाली ती येईचना. बाबा इतके हसले, इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि माझं हसू तिथेच थांबलं. कॉनरला वाटलं आपण काहीतरी भयंकर बोललो. मी त्याला समजावलं की ते नाव नाही, ती हाक आहे.

"मग नाव काय?"

"नाव आहे. ते घेत नाहीत."

कॉनरने विचार केला. "चाळीस वर्षं? आणि तिला कळतं आपल्यालाच बोलावतायत?"

"घरात दुसरं आहे कोण!"

*

हिवाळ्यात मी चिडले. म्हणजे मी चिडलेलीच असते, पण हे वेगळं होतं.

रेव्हरंड पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायचा. ताप, कॉलरा, ऊन लागून, कामठीला पोरं पटापट मरायची, आणि हा त्यांच्या आयांना लिहायचा. पहिलं पत्र टाइप करताना मी रडले होते. शेवटचं वाक्य होतं, "शेवटी त्याने तुम्हालाच हाक मारली." दुसऱ्या पत्राच्या शेवटी तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सगळ्यांच्या शेवटी तेच! कन्हान नदीत बुडालेल्या एका सोल्जरच्या आईलाही तेच! अरे, बुडणारा माणूस हाक मारेल की श्वास घेईल? आणि त्या आठवड्यात हा रेव्हरंड स्वतः जबलपूरला तापाने आडवा होता, हे त्याच्याच डायरीत आहे.

"थापाड्या!" मी कॉलवर ओरडले. "धर्माचा माणूस आणि मेलेल्यांच्या तोंडी वाक्यं घालतो!"

कॉनर म्हणाला, "युअर मॅनकडे स्टॉकमध्ये एकच शेवट होता."

मी कॅटलॉगसाठी नोट लिहिली. "सदर विधान विश्वासार्ह नाही. हेच वाक्य सर्व पत्रांत आढळते." नूलाने ती वाचली, चहा प्यायली. म्हणाली, "खरं आहे. पण लोक कॅटलॉगमध्ये आपल्या खापरपणज्याचं नाव शोधायला येतात आणि पहिली तुझी नोट वाचतील."

"मग खरं लिहायचं नाही?"

"एप्रिलअखेर कॅटलॉग जाईल. तोवर नोट तुझी. ठेव नाहीतर काढ."

*

फेब्रुवारीत नूलाचा भाऊ गेला. अंत्ययात्रेला दहाच माणसांना परवानगी होती. इथे तेव्हा पद्धत पडली होती, बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहायचं, गाडी जाताना मान खाली घालायची. आम्ही उभे राहिलो. बोचरा वारा, भुरभुर पाऊस. गाडी येईना. येईना म्हणजे येईचना. शेवटी वळणावर दिसली, तर तिच्या पुढे एक ट्रॅक्टर, गवताचे गठ्ठे घेऊन, आपला बैलाच्या चालीने!

मागच्या गाडीची काच खाली झाली. नूला होती. आम्हाला बघून म्हणाली, "जन्मभर या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या नावाने बोंबलला तो. बघा, आजही!"

काच वर गेली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मास्कमुळे कळलं नाही.

*

नोटेचं प्रकरण मी बाबांपुढे ठेवलं. वाटलं, सरकारी माणूस, शिस्तीचा, माझ्या बाजूने बोलेल. ते म्हणाले, "ऐक."

कामठीच्या पोस्टात एक म्हातारी यायची. मुलगा मिलिटरीत, मनिऑर्डर पाठवायचा. मनिऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असते. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, "काय लिवलं माह्या पोरानं?" कुपन कोरं असायचं.

"मग तुम्ही काय करायचे?"

"वाचायचो. 'आई, तब्येतीले जप. थंडीत पाण्यात हात घालू नको.' कधी जोडायचो मनानंच, 'तुझ्या हातच्या भाकरीची याद येते.'"

"बाबा! हा फ्रॉड आहे!"

"सर्व्हिस आहे."

"आणि कळलं असतं तर?"

"कळलं ना. पोट्टा सुट्टीवर आला, तिच्यासंगं पोस्टात आला. म्हातारी म्हणते, 'हे पाहा साहेब, हाच तो, इतकं गोड लिवते!' पोट्टा माझ्याकडे पाहते, मी त्याच्याकडे पाहतो."

"मग?"

"मी ठप्पे मारत बसलो. पुढच्या कुपनावर त्यानंच लिहिलेलं होतं."

मी म्हटलं, हा काही पुरावा होत नाही. बाबा म्हणाले, "तू काहून इतकी चिडते त्या गरीब पाद्र्यावर? तो बिचारा कामठीच्या उन्हात बसून लिहून राहिला." आणि खोकले. मी नोट ठेवली.

*

हा किस्सा मी ऑफिसात सांगितलेला नाही.

एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूर पेटलं होतं. आधी आईला ताप आला, मग बाबांना. आईचं घरीच भागलं, पडून होती. बाबांचा ऑक्सिजन उतरायला लागला. मी इथे लॅपटॉपसमोर बसून नागपुरात बेड शोधत होते. फोन, फोन, फोन. तिकीट काढलं, फ्लाइट रद्द. दुसरं काढलं, तेही रद्द. चुलतभावाने कुठूनतरी बेड मिळवला. दवाखान्याने नंबर माझा घेतला, कारण एकुलती एक मी, आणि आई अनोळखी नंबर उचलत नाही.

ॲडमिट होण्याआधी बाबांशी बोलले. मास्क लावलेला, धाप लागलेली. तरी विचारलं, "पाद्रीबुवा?" मी म्हटलं, मजेत आहेत, तुम्ही बरे होऊन या, मग सांगते. किस्सा तयार नव्हता माझ्याकडे त्या दिवशी. एवढं एक राहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. माझ्या स्क्रीनवर कॅटलॉग उघडा होता, नूलाची मेल येऊन पडली होती, "आज पाठवते आहे. नोट ठेवायची की काढायची?"

सिस्टरने सांगितलं. दमलेला, घोगरा आवाज, मागे कुणीतरी ओरडत होतं. मी विचारलं, "काही बोलले का हो?"

ती म्हणाली, "नाही ताई. कालपासून बेशुद्धच होते. खोटं कशाला सांगू?"

मी थँक यू म्हटलं. मग आईला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "गेले?"

"हो."

रडली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, अजून ताप उतरायचा होता तिचा. मग म्हणाली, "मी नव्हते जवळ. कोणीच नव्हतं. काही म्हणाले का गं शेवटी?"

"हो," मी म्हटलं. "तुझं नाव घेतलं."

"माझं नाव?" आई म्हणाली. "त्यांनी?"

मी डोळे मिटले.

"म्हणजे, नाव नाही गं. सिस्टर म्हणाली, 'अवं, अवं' करत होते. तिला कळलं नाही कुणाला ते."

पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. मग, स्वयंपाकघरातून येतो तसा, आईचा आवाज आला.

"काय म्हणता?"