बाबांचा ‘लोट्या’

आम्हा भाषेवर काम करणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. अडलं की तिथे विचारायचं. अर्धवट पिकलेल्या फणसाला तुमच्याकडे काय म्हणतात, ‘मी केलं’ आणि ‘मिया केलंय’ यांची सीमा कुठे, रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर कशी काढायची... काहीही. रात्री विचारलेल्या प्रश्नाला सकाळपर्यंत कोणीतरी उत्तर दिलेलं असतं.

माझी एक मैत्रीण भांडुपला राहते. कॉलेजात भाषाविज्ञान शिकवते. गेल्या वर्षी तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण बोलणं गेलं. घरी आणल्यावर काही दिवसांनी ते एकच शब्द पुन्हापुन्हा बोलू लागले. तिने मला बोरीवलीला फोन केला.

“अगं, बाबा सारखं ‘लोट्या, लोट्या’ म्हणतायत.”

“पाणी हवं असेल. लोटा म्हणजे तांब्याच ना?”

“दिलं ना यार! हाताने ढकलतात. काल तर रडले.”

तिचे वडील कणकवलीकडचे. तरुणपणी गिरणीत कामाला आले, इथेच राहिले. आई साताऱ्याची. त्यामुळे घरात सगळं शहरी मराठीतच चालायचं. शाळेतल्या मुली हसतात म्हणून हिनेच लहानपणी त्यांना सांगितलं होतं, मैत्रिणींसमोर गावचं बोलू नका. ते मग घरातही बोलेनासे झाले.

“गटावर टाक की,” मी म्हटलं.

“बाबांचं दुखणं गटावर टाकू?”

पण टाकलं तिने. तासाभरात सावंतवाडीकडच्या एका निवृत्त सरांनी उलट विचारलं : शेवटी ‘र’ ऐकू येतो का? त्यांना चालणार असेल तर आवाज पाठवा.

मी त्या दिवशी तिच्याकडे गेले होते. बोली टिपायला परक्या गावांत म्हाताऱ्यांसमोर बेधडक फोन धरणारी ती, बाबांपुढे मात्र फोन खाली धरून घुटमळली. शेवटी त्यांच्या पलंगावर बसून म्हणाली, “बाबा, तुम्ही काय म्हणता ते मला कळत नाहीये. ओळखीच्या एकांना ऐकवू?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

तिने आवाज पाठवला, सरांचं उत्तर लगेच आलं. बाबा ‘लोट्यार’ म्हणत होते. मालवणीत लोटा म्हणजे घराची पुढची ओसरी. लोट्यार, ओसरीवर. ‘त्यांना बाहेर बसायचंय,’ सरांनी लिहिलं होतं.

आम्ही दोघींनी मिळून त्यांना उठवलं, खुर्ची दाराबाहेर मजल्यावरच्या गॅलरीत ठेवली, मांडीवर चादर टाकली. खाली भाजीवाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता. शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, “अरे वा, काका बाहेर!” बाबांनी पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. मैत्रीण आत जाऊन रडली. मी तिच्यामागे गेले नाही.

संध्याकाळी सरांनी स्वतःचा आवाज पाठवला : “काय वो, बसलात काय लोट्यार?” बाबा हसले. वाकड्या ओठांनी, पण हसले. “होय,” म्हणाले.

त्यानंतर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीही सरावात मालवणी शब्द घ्यायला सांगितलं. मैत्रीण चाळिशीत वडिलांची भाषा शिकू लागली. गटावर तिचे प्रश्न वाढले : ‘कूस बदला’ कसं म्हणू? ‘कुठे दुखतंय’ म्हणजे ‘खय दुखता’ ना? कोणी लिहून द्यायचं, कोणी बोलून पाठवायचं. कधी बाबा तिच्या उच्चारांवर वैतागायचे. एकदा तर तिने लिहिलं, ‘रुसून बसलेल्या माणसाची समजूत मालवणीत कशी काढायची?’

‘काढूची नाय,’ सरांचं उत्तर. ‘पेज देवची.’

तिने तांदळाची पेज केली. बाबांनी एक घोट घेतला, वाटी बाजूला सारली आणि अडखळत, पण स्पष्ट विचारलं, “मीठ खय?”