मामांनी न चाखलेला केक

माझे मामा हनुमंतराव तंजावूरच्या एका बेकरीत चाळीस वर्षं बटर केक भाजत आले, आणि त्यातला कणभरही त्यांनी कधी तोंडात घातला नाही. केकात अंडं असतं. नोकरी धरली त्या दिवशी माझ्या आजोबांनी एकच अट घातली होती: पोटासाठी हात लाव, तोंड लावू नकोस. आमच्या मराठी घरांतली मुलं आता सर्रास केक खातात आणि मोठी माणसं तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघतात. मामांनी मात्र आजोबा गेल्यावरही अट मोडली नाही. उलट येईल त्याला ती ऐकवत राहिले, इतकी की आम्हाला कंटाळा यायचा.

चाखायचं नाही तर केक जमला हे कळणार कसं? नाकानं. भट्टीचं दार न उघडता मामा म्हणत, "झाला," आणि तो झालेला असे. तिरुवैयारूहून लोणी घेऊन येणाऱ्या गवळ्याला ते डबा हुंगून विचारत, "पेंड बदललीस काय रे?" आणि तो बिचारा कबूल करे. बेकरीचा मालक त्यागराज बायकोला भीत नसेल इतका मामांच्या नाकाला भ्यायचा.

त्यांचा बटर केक तीन तऱ्हांचा. पुदुच्चेरीचा, त्यात मैद्याऐवजी रवा आणि काजूची पूड. तिकडे रममध्ये भिजवलेल्या मनुकाही घालतात, पण आमच्या गावात त्या खपेनात म्हणून गळाल्या. दुसरा सिलोनचा, तिकडून परत आलेल्या एका कुटुंबाकडून शिकलेला. त्यात दूध, जास्तीची अंडी आणि व्हॅनिला. तिसरा तंजावूरचा, म्हणजे मामांचा स्वतःचा. शेवग्याचा पाला टाकून मंद तापवलेलं लोणी आणि चिमूटभर जायफळ. तिन्ही एकाच साच्यात भाजलेले, तिन्हींचा माथा सारखाच तांबूस. कापल्याशिवाय दुसऱ्या कुणाला फरक कळत नसे. त्यागराजनं एकदा रंगीत कागद चिकटवायचं सुचवलं, तर मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कागद होणा तुला, तर मी कशाला?" असं म्हणून दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत.

आता माझ्या मुलीचं सांगते. वाणी चार वर्षांची असताना एका लग्नात तिनं काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला. हात धुऊन होईतो तिचे ओठ सुजले, मग डोळे, मग श्वास घेताना घशातून शीळ वाजायला लागली. ऑटोत ती माझ्या मांडीवर होती आणि ती शीळ बारीक बारीक होत चालली होती. वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी इथवर पोचायला एवढा वेळ मिळेलच असं नाही.

तेव्हापासून बाहेरचं सगळं बंद झालं. फक्त वाढदिवसाचा केक मामांचा. त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी बेकरीत जात, भांडी स्वतः घासत, काजूचा डबा उघडण्यापूर्वी वाणीचा तंजावूरचा केक भाजून बाजूला ठेवत. माझा देवावर नसेल इतका विश्वास मामांवर होता.

गेल्या वर्षी मामांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला आणि ते कामाला लागले. महिन्याभरानं मी त्यांच्याकडे गेले तर दारातच करपल्याचा वास. आत चुलीवर दूध जळून काळं झालेलं, आणि चार हातांवर मामा पेपर वाचत बसलेले.

"मामा, दूध!"

"अगे, कानानं ऐकू येत नाही आताशा," ते म्हणाले.

दुधाचा आणि कानाचा काय संबंध? पुढच्या खेपेला मी मुद्दाम घरातलं आंबूस झालेलं लोणी वाटीत घालून नेलं. मामांनी वाटी नाकाशी धरली, डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे.

"आजचंच आहे की," ते म्हणाले. "बरं आहे."

वाटी परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथंच बोलायला हवं होतं. कॉलेजात शंभर पोरांना गप्प करणारी मी, त्यांच्यापुढे माझीच दातखीळ बसली. ज्या माणसाकडे सांगायला एवढं एक नाकच आहे, त्याला ते गेलं असं कसं म्हणायचं? मी स्वतःची समजूत घातली: हात तर तेच आहेत. तो भ्याडपणा होता, आज मला त्याची लाज वाटते.

मामांनीही आपली सोय करून ठेवली होती, ती मला नंतर कळली. फळीवर डावीकडचा ट्रे पुदुच्चेरीचा, मधला सिलोनचा, उजवीकडचा तंजावूरचा, वाणीचा केकही त्यातच. जागा पाठ करून ते नाकाचं सोंग आणत होते. आणि वाणीच्या आठव्या वाढदिवसाला, मामा कॉफी प्यायला गेलेले असताना, मुंग्या झाल्या म्हणून त्यागराजनं फळी पुसली आणि ट्रे जमतील तसे परत ठेवले.

दुपारी चार वाजता मामा दोऱ्यानं बांधलेला डबा घेऊन आले. त्यांना तमिळ रीतीनं तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणणाऱ्या वाणीनं तो त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावलाच. घरात आम्ही मोजकीच माणसं: ती, मी, माझा नवरा रमण आणि मामा. मेणबत्ती विझली, वाणीनं सुरी घातली, आणि पहिला काप आडवा पडला.

मला तो रवाळ दिसला. तंजावूरचा केक मऊ असतो, सुरीला चिकटतो. ह्याचे कण ताटलीत सांडत होते.

"थांब, वाणी. हात लावू नकोस."

"काय झालं?" रमणनं विचारलं.

"लोणी दाणेदार होतं ह्या खेपेला," मामा चटकन म्हणाले. "खाऊ दे लेकराला."

वाणीची बोटं कापावर होती. मी तिचं मनगट धरलं, जरा जोरातच, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, हा कोणता केक?"

"तंजावूरचा. दुसरा कोणता?"

"हुंगून सांगा."

त्यांनी ताटली उचलली. डोळे मिटले. रमण पंख्याकडे बघत होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. मामांची नाकपुडी हलली, पुन्हा हलली. मग ज्या तोंडात चाळीस वर्षं केकचा कण गेला नव्हता त्या तोंडात त्यांनी तो तुकडा घातला.

ते चावत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, सांगा, काहीतरी सांगा. घास संपला तरी जबडा हलतच होता.

"गोड आहे," ते म्हणाले. मग अगदी हळू, "गोड आहे, एवढंच कळतं गे. दुसरं काहीच नाही. वर्ष झालं."

मी एक कण जिभेवर ठेवला. काजू. पहिल्याच क्षणी.

"काजू आहे," मी म्हटलं. रमणनं वाणीला उचलून मोरीकडे नेलं, तिची बोटं साबणानं तीनदा धुतली, जीभ बाहेर काढायला लावून बघितली. तिनं चाटलं नव्हतं. तरीही पुढचा तासभर मी तिच्या श्वासाला कान लावून बसले, आणि गल्लीतून ऑटो गेली की दचकत होते.

मामा भिंतीशी खाली बसले होते. अंडं पोटात गेलं ह्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, इतका की ओरडावंसं वाटत होतं, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

वाणीच गेली. तिला कुणी काही नीट सांगितलंच नव्हतं.

"तात्ता, हा माझा नाही तर माझा कुठे आहे?"

मामांनी तिला हात लावायला हात उचलला आणि मधेच आपल्या धोतराला पुसला.

"इकडे ऐक, कन्ना, लेकरा," ते म्हणाले. "माझ्या हातचं आता कधी खाऊ नको. मी प्रेमानं दिलं तरी नको. मी रडलो तरी नको. म्हण पाहू, नको."

वाणीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"नको, तात्ता," ती म्हणाली.